मोठी बोट विकून छोटी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी का? (मिनेसोटा, चौघांचं कुटुंब, फक्त मासेमारी)

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या जवळ राहतो. मी, बायको आणि दोन मुलं, थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. मुलं अगदी लहान होती तेव्हा 20 फुटी फायबरग्लासची बोट घेतली, 150 एचपीची. तेव्हा मित्रमंडळी यायची, दोरीला रबरी ट्यूब बांधून मुलांना पाण्यावर फिरवायचो, खूप मजा केली. बोटीचं कर्ज फिटलं आहे.

आता मुलांना एकच वेड आहे, गळ टाकून बसायचं. त्यासाठी ही बोट काढायची म्हणजे आदल्या रात्रीपासून तयारी. धक्क्यावरच्या जागेचं भाडं, हिवाळ्यात ठेवायचं भाडं, प्लास्टिकचं आवरण घालून घ्यायचं, विमा, शिवाय ती ओढायला मोठी गाडी. हप्ता संपला तरी खर्च तसाच चालू आहे. त्यामुळे ही विकून 14 किंवा 16 फुटी अ‍ॅल्युमिनियमची, 10 ते 25 एचपीची, जुनी पण धड बोट घ्यावी असं मनात आहे.

प्रश्न असे: चौघं नीट मावतील का? सुरक्षित आहे का? जुनी घेताना काय बघायचं? उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, त्यांना नेता येईल का? बायकोचं मत अजून ठरलेलं नाही, ती हा धागा वाचणार आहे. मोकळेपणाने लिहा.

सुरमई
घ्या. डोळे झाकून घ्या.

पानापक्कड
डोळे उघडे ठेवून घ्या :) मी मिशिगनमध्ये असतो. हौस म्हणून जुन्या बोटी दुरुस्त करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी मावण्याचं बोलू. अमेरिकेत 20 फुटांखालच्या मोटरच्या बोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पट्टी ठोकलेली असते. 1972 नंतरच्या बोटींना ती सक्तीची आहे. पट्टी गेली असेल तर ढोबळ हिशेब असा: लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. 14 फूट लांब आणि 5 फूट रुंद बोटीला साडेचारच्या आसपास उत्तर येतं, म्हणजे चार माणसं. 16 बाय 6 ला सहा. पण कागदावरची चार माणसं आणि गळ टाकणारी चार माणसं यांत फरक असतो. प्रत्येकाचा रॉड मागेपुढे होणार, मधे डबा, जाळी, नांगर, पेट्रोलची टाकी. चौघांसाठी 14 फुटी चालते, 16 फुटीत सुख आहे.

वजनाचाही विचार करा. 14 फुटी बोट, मोटर, ट्रेलर, सगळं मिळून हजार पौंडांच्या आत बसतं. तुमची आत्ताची बोट ट्रेलरसकट चार हजारांच्या पुढे असणार. सिएनासारखी मिनिव्हॅन 3500 पौंड ओढते. म्हणजे बोटीबरोबर ती दुसरी मोठी गाडीसुद्धा सुटू शकते. लोक बोटीच्या किमतीचा हिशेब मांडतात, पण खरी बचत बहुतेक वेळा गाडीत होते.

पेट्रोलचं: फोर-स्ट्रोक मोटर पूर्ण वेगात दर 10 एचपीला ताशी साधारण एक गॅलन पिते. 150 एचपीला पंधरा, 9.9 ला एक. आणि मासे धरताना पूर्ण वेगात कोण जातंय?

जुनी घेताना काय बघायचं ते उद्या लिहितो.

घरकोंबडा
मुळात बोट हवीच कशाला? मिनेसोटात धक्के आहेत, मासेमारीसाठी बांधलेले लाकडी पूल आहेत. राज्य उद्यानांमध्ये तर इथल्या रहिवाशांना बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय गळ टाकता येतो, आणि काही उद्यानांत रॉड-गळाचं साहित्य फुकट वापरायला देतात. वर्षातून चार वेळा बोट हवी असेल तर भाड्याने घ्या. धुणं-पुसणं मालकाचं.

तळ्याकाठी
@घरकोंबडा, वर्षातून चारदा जायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण मुलं दर शनिवारी सकाळी बूट घालून दारात उभी असतात. भाड्याची बोट सकाळी आठच्या आधी मिळत नाही, तोपर्यंत मासे जेवून झोपलेले असतात. काठावरून आम्ही जातोच, ते सोडणार नाही.

चाफा
मी आई म्हणून लिहिते, तुमच्या बायकोसाठी. आमची 16 फुटी अ‍ॅल्युमिनियमची आहे, विस्कॉन्सिनला. दोन मुलगे.

छोट्या बोटीत तीन गोष्टींचा विचार कुणी सांगत नाही. पहिली, बाथरूम. बोटीवर सोय नाही, म्हणजे काठाजवळ राहायचं आणि दीड-दोन तासांनी उतरायचं. आम्ही तळंच असं निवडतो की जिथे बोट उतरवायच्या जागी स्वच्छतागृह आहे. दुसरी, ऊन. अ‍ॅल्युमिनियम तापतं, उघड्या पायांना चटका बसतो. तळाला रबरी मॅट टाका, तिने लाटांचा आणि डबे पडल्याचा आवाजही कमी होतो. डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट. तिसरी, मुलांचा धीर. सातव्या वर्षी मुलाला वॉलायसारख्या मोठ्या माशाची वाट बघत बसवू नका. ब्लूगिल हे छोटे मासे धरा. साधा तरंगता बुचडा, छोटा गळ, गांडुळाचा तुकडा, पाणवनस्पतींच्या कडेला. मिनिटामिनिटाला बुचडा बुडतो आणि मूल खूश राहतं.

लाइफ जॅकेटचं मात्र घरात एकच ठरवून टाका. मिनेसोटात बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलाने जॅकेट घातलंच पाहिजे असा कायदा आहे. म्हणजे तुमच्या धाकट्याला सक्ती आहे आणि थोरलीला नाही. पण थोरलीने घातलं नाही तर धाकटा का घालेल? आणि आई-वडिलांनी घातलं नाही तर थोरली का घालेल? आमच्याकडे बोटीत पाऊल ठेवण्याआधी सगळे घालतात. मेमध्ये इथलं पाणी इतकं गार असतं की पडल्या पडल्या श्वास कोंडतो. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात काही मिनिटांत चालेनासे होतात.

सुरमई
चाफाताई, +१००. बुचड्याचं अगदी खरं.

लाटालाटा
मी विरोधी सूर लावतो. तुम्ही मिलॅक्सला जाणार असाल तर 14 फुटी घेऊ नका. ते तळं 1,32,000 एकरांचं आहे आणि खोली जास्तीत जास्त 42 फूट. एवढं पसरट आणि उथळ पाणी म्हणजे वारा सुटला की थोड्या वेळात आखूड, उभ्या लाटा उठतात. छोटी बोट दोन लाटांच्या मधे नाक खुपसते. सुपिरियर सरोवराचं तर नावच नको. कुटुंब घेऊन जायचं तर किमान 17 फुटी, खोल व्ही आकाराच्या तळाची, उंच कडांची. सपाट तळाची जॉन बोट शांत पाण्यात फार स्थिर असते, पण लाटेत दात वाजवते आणि पाणी आत घेते.

स्वस्तात घ्यायची म्हणून मुलांचा जीव टांगणीला लावू नये, एवढंच.

पानापक्कड
लाटालाटा, मिलॅक्सबद्दल पूर्ण सहमत. पण मिनेसोटात दहा हजार तळ्यांची पाटी उगीच नाही. शंभर-दोनशे एकरांच्या तळ्यावर 14 फुटी व्ही तळाची बोट अगदी योग्य आहे. उलट अशा कित्येक तळ्यांवर 20 फुटी बोट उतरवायला धड उतारच नसतो. बोटीला शोभेल असं पाणी निवडायचं आणि झाडांचे शेंडे हलायला लागले की परत फिरायचं.

आता जुनी बोट बघण्याबद्दल.

सगळ्यात आधी मागची उभी फळी बघा, जिच्यावर मोटर टांगलेली असते, म्हणजे ट्रान्सम. बाहेरून पत्रा असतो, आत प्लायवुड. ते कुजलेलं असलं तर बाहेरून कळत नाही. मोटर खाली सोडून तिचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. मोटरबरोबर फळी वाकत असेल तर सोडून द्या, नाहीतर किंमत चांगली पाडून घ्या. फळी बदलता येते, पण बाजारातलं हिरवट, औषध मारलेलं लाकूड घालू नका. त्यात तांबं असतं आणि ओलाव्यात तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. मरीन प्लायवुडला इपॉक्सी लावून घाला. याच कारणाने बोटीच्या तळाशी तांब्याची नाणी पडू देऊ नका.

मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. बोट ट्रेलरवर असताना आत चार-पाच इंच पाणी भरा आणि खाली वाकून बघा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. पाच-दहा रिव्हेट झिरपत असतील तर घाबरू नका. एकाने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी. घट्ट बसतात. त्यावर आतून मरीन सीलंट. तुमच्या थोरलीला ठोकळा धरायला द्या, आवडेल तिला. बसकणीच्या खालच्या कण्यापाशी पत्र्याला चीर असेल तर मात्र ती बोट नको.

तिसरी गोष्ट बाकांखालचा फोम. बोटीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून तो असतो. काही लोक बाक काढून वर सपाट डेक बांधतात, फोटोत ऐसपैस दिसतं. त्यात फोम जातो आणि बोटीला आडवा आधार देणारे बाकही जातात. अशी 'नवी केलेली' बोट मी कुटुंबासाठी कधीच सुचवणार नाही. जुना फोम पाणी पिऊन जड झालेला असू शकतो, तेव्हा बाकाचं झाकण उघडून हात घालून बघा.

ओंटारियोतला_कोकणी
आमच्याकडे 9.9 एचपी इतकी लोकप्रिय का, तर कॅनडात 10 एचपी किंवा त्यावरची मोटर असेल तर बोटीला लायसन्स नंबर घ्यावा लागतो. 9.9 ला लागत नाही. चालवणाऱ्याकडे मात्र ऑपरेटर कार्ड हवंच, मोटर कितीही छोटी असो. तुम्ही सीमा ओलांडून इकडे आलात तर चौकशी करून या.

माझी 14 फुटी लुंड आहे. ही कंपनी तुमच्याच मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्सची, 1948 पासूनची. माझी बोट माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि दोघांची तब्येत उत्तम आहे.

केळफूल
मी शाकाहारी आहे तरी हा धागा आवडीने वाचतेय. एक विचारू का? धरलेले मासे खाता की सोडता?

सुरमई
खाण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! ब्लूगिल आणि क्रॅपी, दोन्ही छोटे मासे, रवा लावून तळा. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण, चिंचेचा कोळ. क्रॅपी गोड आणि मऊ. काटे सांभाळा, मुलांना फिलेच (काटे काढलेले तुकडे) द्या. वॉलायचं कालवण मी तिरफळं घालून करते. गोड्या पाण्याच्या माशाला तिरफळ चालतं का असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. ताट चाटून पुसून उत्तर त्यांनीच दिलं.

चाफा
@केळफूल, आमच्याकडे दोन्ही. लागतील तेवढे ठेवतो, बाकीचे सोडतो. मोठे ब्लूगिल मुद्दाम सोडतो, कारण घरटं राखणारे मोठे नर काढून नेले की तळ्यात खुरटे मासे उरतात.

खाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: इथल्या तळ्यांतल्या माशांत पारा असतो. मोठा, वयस्कर, दुसरे मासे खाणारा मासा, म्हणजे मोठा वॉलाय किंवा नॉर्दर्न पाइक, त्यात जास्त. ब्लूगिल, क्रॅपी, पर्चमध्ये कमी. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी किती खावं याचा सल्ला राज्याचा आरोग्य विभाग देतो, तळ्यानुसार. तो वाचून मगच मुलांना वाढा. आणि शिशाची वजनं वापरू नका, ती गिळून लून पक्षी मरतात. कथलाची मिळतात.

ब्रिस्बेनकर
ऑस्ट्रेलियातून नमस्कार. इथे अशा बोटीला सगळे टिनी म्हणतात आणि ती पुष्कळ घरांसमोर उभी दिसते. आम्ही खाडीत मुडदुशी धरतो, इथे ती व्हायटिंग. उत्तरेला गेलात की आपला रायगडचा जिताडा, बॅरामंडी! 58 सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही, आणि पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून जानेवारीअखेर धरायचाच नाही.

तिकडे उत्तरेला मगरी आहेत, त्यामुळे फार छोटी बोट नको आणि हात पाण्यात सोडून बसायचं नाही. तुमच्याकडे ती काळजी नाही, नशीबवान आहात.

खाऱ्या पाण्याचा विचार असेल तर परत आल्यावर मोटर गोड्या पाण्याने आतून धुवावी लागते, दर वेळी.

भरतीओहोटी
जिताड्याचं नाव काढलंत आणि पेणची आठवण आली. माझे आजोबा खाडीत गरवायला जायचे, हातात नुसती दोरी. रॉड नाही, रीळ नाही. भरतीच्या पहिल्या तासात जायचं आणि बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

तळ्याकाठी, आई-बाबांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीत आहे. वडील सत्तरीचे. बोटीत चढणं-उतरणं हाच अवघड भाग असतो. ट्रेलरवरून चढवायचं नाही. बोट पाण्यात सोडायची, धक्क्याला दोन्ही टोकांना बांधायची, मग त्यांना मधल्या बाकावर हात धरून बसवायचं. पाठ टेकायला खुर्ची बाकावर पट्ट्याने बांधता येते. एका वेळी एकालाच न्या आणि एक मूल काठावर ठेवा, म्हणजे बोट हलकी राहते. वडील एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत.

लाटालाटा
आई-बाबांना परवाना लागेल ना?

चाफा
हो. ते रहिवासी नाहीत, त्यांना बाहेरच्यांचा परवाना. मिनेसोटात तो 24 तासांचा, 72 तासांचा, सात दिवसांचा असा मिळतो. नुसते बसून बघणार असतील तर नको. इथल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आणि बायकोसाठी: मे महिन्यात मदर्स डेच्या शनिवार-रविवारी मिनेसोटातल्या आयांना परवान्याशिवाय मासे धरता येतात.

तळ्याकाठीची_बायको
खातं आजच उघडलं. चाफाताई, बाथरूमचं लिहिल्याबद्दल मनापासून आभार, माझा पहिला प्रश्न तोच होता. दुसरा असा: तो मोटर चालवताना मागे बसणार, काठीने दिशा देणार. तो पडला तर?

पानापक्कड
फार महत्त्वाचा प्रश्न, वहिनी. मोटरला लाल गुंडाळीची दोरी असते. एक टोक मोटरच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या जॅकेटला. माणूस पडला की बटण सुटतं आणि मोटर बंद. ती दोरी नसेल तर माणूस पडल्यावर हातातली काठी वळते आणि बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. 1 एप्रिल 2021 पासून संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यात ती लावणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तुम्ही प्रत्येक तळ्यावर लावायला लावा. शिवाय तुम्हीही मोटर सुरू करून बोट काठाला आणायला शिकून घ्या. थोरलीलाही शिकवा. आपल्यापैकी एकालाच बोट चालवता येते अशी स्थिती मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

तळ्याकाठीची_बायको
हे पटलं. मी शिकणार. आणि पहिल्यांदा मी चालवणार, तो गळ टाकेल.

सुरमई
वहिनींना कॅप्टन करा, धागा संपला :)

घरकोंबडा
माझं मत थोडं बदललंय. पण किमतीचं कुणी स्पष्ट बोलेल का?

ओंटारियोतला_कोकणी
वय, मोटर आणि ट्रेलर यांवर आहे. मी इकडच्या जाहिराती बघतो त्यात 14 फुटी जुनी बोट, चालू मोटर आणि ट्रेलर असं साधारण दोन ते साडेचार हजार डॉलरला दिसतं. 16 फुटी, बऱ्यापैकी नवी फोर-स्ट्रोक असेल तर दुप्पट. बोट जुनी चालेल, पैसे मोटरवर घाला. पत्रा पन्नास वर्षं टिकतो.

शरद ऋतूत घ्या. हिवाळाभर बोट सांभाळायची नसते म्हणून लोक कमी किमतीत देतात. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच बोट हवी असते.

तळ्याकाठी
सगळ्यांचे आभार. घरी बोलून ठरलंय: मोठी बोट विकायला काढतोय. 16 फुटी, व्ही तळाची, रिव्हेटची, बाक जागेवर असलेली, 20 किंवा 25 एचपी. मिलॅक्सला जायचं झालं तर मित्राच्या मोठ्या बोटीतून जाऊ. घरापासून अर्ध्या तासावर एक जाहिरात दिसली आहे, रविवारी बघायला जातोय. मोटर कशी तपासू?

पानापक्कड
मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत मोटर सुरू करू नका. गार असताना किती ओढण्यांत सुरू होते ते बघायचं आहे. पाण्याशिवाय चालवू देऊ नका, बागेच्या नळीतून मोटरला पाणी देणारे रबरी कान घेऊन जा. सुरू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची सलग धार आली पाहिजे. धार कमजोर असेल तर बहुधा पंपातला रबरी पंखा गेलाय, तो स्वस्तात बदलतो. खालच्या गिअरच्या तेलाचा स्क्रू थोडा सैल करा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरतंय, आणि मिनेसोटाच्या थंडीत ते गोठून गिअरचं आवरण फोडतं. ट्रेलरचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग बदलल्याशिवाय हायवेला लावू नका. बोटीचे आणि ट्रेलरचे कागद वेगळे असतात, दोन्ही बघा.

चाफा
16 फुटी घेताय तर अंगात घालायच्या जॅकेटांशिवाय फेकायची तरंगती उशीही लागते, 16 फूट आणि त्यावरच्या बोटींना ती सक्तीची आहे. आणि तळ्यावरून निघताना तळाचं बूच काढून पाणी सोडून द्या, बूच काढलेलंच ठेवून गाडी चालवायची. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात तसा कायदा आहे. बूच गाडीच्या किल्लीला अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी बोट उतरवताना ते हातातच असेल.

तळ्याकाठीची_बायको
बुचाची किल्ली माझ्याकडे. रविवारी सगळे जातोय, मुलांनाही खडू दिलाय.